लक्ष्मीला लागलेला पाय

इंडियन शॉपमध्ये बत्ताशांचं पाकीट दिसलं की माझी डावी बरगडी ठणकते. तेव्हा आम्ही ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात राहायचो, आणि त्या दिवाळीत संध्याकाळी घरात लक्ष्मीपूजन होतं. चौरंगावर माझे दागिने, चांदीची नाणी, लाह्या-बत्तासे मांडले होते आणि वरच्या भिंतीवर मी सकाळीच सतराव्या शतकातल्या एका युरोपीय, बरोक शैलीतल्या चित्राची मोठी प्रिंट लावली होती. त्यात पंखवाला उघडा पोरगा, म्हणजे प्रेम, सोन्याच्या मोहरांवर पाय रोवून हसत उभा होता. युनिव्हर्सिटीत मी अशाच चित्रांचा अभ्यास करत होते, त्यामुळे ते चित्र नेमकं तिथे कसं दिसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नवरा सोवळं नेसून आला, त्याने वर बघितलं आणि तो पेटलाच. “लक्ष्मीवर पाय? आज? माझ्या घरात?” त्याने फ्रेम उपटून टाइल्सवर आपटली; काच फुटली, चित्र फाटलं. “अरे, प्रेम पैशापेक्षा मोठं, एवढाच अर्थ आहे त्याचा,” मी म्हणाले, तर त्याने मला त्याच काचांवर ढकललं आणि बरगडीत लाथ घातली. दुसरी लाथ चुकून चौरंगाला बसली. नाणी घरंगळली, एक त्याच्या पायाखाली आलं. तो दचकला, वाकला, नाणं कपाळाला लावून “चुकलो गं आई” म्हणाला आणि मग माझ्याकडे वळला, “ऊठ, आरतीला उशीर होतोय.” आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेरिबीत एकटी राहते, ते फाटकं चित्र चिकटवून भिंतीवर लावलंय. माणसाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायचा, हे त्यालाही लहानपणीच शिकवलं होतं. त्या दिवशी त्याने तो नाण्याला केला.