माडीवरचे सुदानकर

आमच्या माडीवरच्या सुदानकरांनी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत जेवढा गोंधळ घातला तेवढा आजवर कुणी घातला नसेल, आणि तोही आवाज न चढवता, कुणाशी न भांडता, केवळ चांगुलपणाने. 'सुदानकर' हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलेलं. औषधशास्त्रात डॉक्टरेट करायला सुदान देशातून आलेला हा चाळिशीचा, उंचापुरा, सावकाश हसणारा गृहस्थ माडीवरची खोली विचारायला आला, तेव्हा त्याने आपलं नाव तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा ते आम्हाला वेगवेगळं ऐकू आलं. शेवटी हे म्हणाले, अक्कलकोटचा तो अक्कलकोटकर, तसे तुम्ही सुदानकर. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे ते स्वतःच दारावर टकटक करून "सुदानकर आलाय" असं सांगू लागले.

मराठी त्यांना आमच्या दूधवाल्या पाटलांनी शिकवली. पाटील मूळचे मंगळवेढ्याकडचे, गावाबाहेर गाई बाळगून आहेत. त्यामुळे सुदानकरांची मराठी थेट गोठ्यातून आली. परदेशी माणूस कसा, पुस्तकी बोलेल असं आपल्याला वाटतं, आणि हे जिना उतरता उतरता विचारायचे, "काय काकू, लई घाईत हाय की?" त्यात त्यांच्या भाषेत 'प' हे अक्षरच नाही. पाण्याला बाणी, पावाला बाव आणि पाटलांना बाटील. पहिल्या दिवशी पाटील जरा दचकले, मग म्हणाले, "दुधाचा धंदा हाय आपला. बाटली म्हणलं तरी चालतंय की."

सोलापुरात राहून त्यांनी आमच्या गावाचा सगळ्यात मोठा अपमान कुठला केला असेल तर तो उन्हाच्या बाबतीत. आम्हाला दुसरं काही असो नसो, उन्हाचा अभिमान आहे. पुण्याचा पाहुणा मे महिन्यात भर दुपारी हाय हाय करायला लागला की आम्हाला आतून बरं वाटतं. सुदानकर मात्र ऐन वैशाखात गच्चीवर उघड्या डोक्याने बसून, हितं हवा चांगली गार हाय म्हणायचे. ह्यांनी दोन वर्षं वाट पाहिली, एकदाही त्या माणसाला घाम आला नाही. दिवाळीत मात्र ते स्वेटर, मफलर आणि वर शाल अशा थाटात फराळाला आले होते.

त्यांची खुशाली विचारण्याची तऱ्हा तर सगळ्या गल्लीला माहीत होती. आपण "बरं आहे ना?" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. सुदानकर उजवा हात छातीवर ठेवून उभे राहायचे आणि पाटलांना विचारायचे, तुम्ही बरे का, घरचे बरे का, मुलं बरी का, गाय बरी का, वासरू बरं का, काल खोकत होतं त्याचं काय झालं. आणि त्यांना प्रत्येक उत्तर हवं असायचं. पाटीलही मन लावून उत्तरं द्यायचे, तोवर गल्लीतल्या बायका पातेली घेऊन दारात ताटकळायच्या.

मग त्यांच्या देशात लढाई सुरू झाली. ह्यांना पेपर सविस्तर वाचायची सवय, त्यामुळे कोण कुणाशी लढतंय ते त्यांनी नीट समजून घ्यायचं ठरवलं. सुदानकरांनी त्यांना समोर बसवून समजावलं. एक सेनापती इकडचा, एक तिकडचा. पण मग तुम्ही कुणाच्या बाजूचे, हे ह्यांनी विचारल्यावर त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "काका, दोगं बी आमचेच," ते म्हणाले. "काल एका ताटात जेवत हुते." ह्यांनी पेपर घडी घालून ठेवला. त्यानंतर त्यांनी ती बातमी कधी मोठ्याने वाचली नाही.

त्याच सुमाराला एके दिवशी माडीवरून दूध नासल्याचा वास आला. मी धावत वर गेले, तर मोठं पातेलंभर दूध सुदानकरांनी स्वतःच, मुद्दाम, कसलीशी पूड घालून नासवलं होतं आणि ते अत्यंत समाधानाने त्याकडे पाहत होते. आमच्या घरात दूध उतू गेलं तरी मी देवाची क्षमा मागते. मी तडक खाली आले. संध्याकाळी त्यांनी त्यातलंच काहीतरी एका बशीतून आणून दिलं. पांढऱ्या, मऊ तारांची वेणी होती, मध्ये काळे दाणे. "काकू, आमच्या घरचं," एवढंच म्हणाले. मला वाटलं, शेवया आणि तीळ. मी दुसऱ्या दिवशी दूध, साखर, वेलदोडा घालून तिची छान खीर केली आणि पहिली वाटी त्यांनाच वर पाठवली. थोड्या वेळाने स्वच्छ धुतलेली वाटी घेऊन ते खाली आले. त्यांनी आधी माझी खुशाली विचारली, ह्यांची विचारली, मग फार हळू विचारलं, "काकू, त्या खिरीत माझं चीज हाय का?" तोवर ह्यांनी आपली वाटी नुकतीच तोंडाला लावली होती. खारट, रबरासारखी ताणली जाणारी ती खीर ह्यांनी बेसिनमध्ये सोडून दिली. सुदानकरांनी मात्र आपली पूर्ण खाल्ली होती.

ते त्यांच्याकडचं वेणीचं चीज. दूध नासवून, त्याचा गोळा गरम करून, कलौंजी पेरून तो ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. ओढता ओढता त्याच्या सुतासारख्या तारा होतात. मग वेणी घालून मिठाच्या पाण्यात ठेवायची. शेजारच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या बायका ते बघायला जिन्यात गर्दी करायच्या आणि ही सुताची लडी आहे की खायची वस्तू यावर तेलुगूत वाद घालायच्या. पुढे सुदानकर त्या वेण्या विकू लागले. खाण्याआधी मीठ जाईपर्यंत साध्या पाण्यात भिजवायचं, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि प्रत्येक गिऱ्हाईक न भिजवता खाऊन दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन यायचं. हळूहळू लोकांना त्याची गोडी लागली. ह्यांनी तर ते कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीबरोबर खाऊन पाहिलं आणि सुदानच्या लोकांना हे अजून कसं सुचलं नाही, असं विचारलं.

विक्रीचे पैसे कुठे जातात हे ह्यांनी एकदा विचारलं. सुदानकर म्हणाले, तकियाला. ह्यांचं गादी-उशीचं दुकान. त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. लढाईत लोकांची घरं गेली, अंथरूण-पांघरूण गेलं असेल, असं त्यांनी मनाशी जुळवलं आणि दोन दिवसांनी चांगल्या कापसाचे दोन लांबलचक तक्के रिक्षात घालून आणले. वर चढवताना एक जिन्यात अडकला. माझे हे खालून ढकलतायत, वरून सुदानकर ओढतायत, आणि हे का चाललंय ते दोघांपैकी एकालाच माहीत आहे, असं दृश्य मी पाहिलं. तक्का सुटल्यावर सुदानकर त्याच्यावरच बसले आणि इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी थांबेना.

तेव्हा आम्हाला कळलं. त्यांच्याकडे तकिया म्हणजे गल्लीची चूल. नाईलच्या काठी ओमदुर्मान म्हणून गाव आहे, तिथे त्यांची थोरली बहीण रोज अंगणात भलंमोठं पातेलं चढवायची, मसूर किंवा वालासारखी कडधान्यं शिजवायची, आणि गल्लीतला जो कोणी भांडं घेऊन येईल त्याला डावभर वाढायची. बाजार बंद, पगार बंद. त्या पातेल्यावर गल्ली जगत होती. इथल्या चीजचे पैसे कैरोतल्या एका ओळखीच्या माणसाकडून तिच्यापर्यंत जायचे. मी तक्क्याच्या टोकावर बसून ऐकत होते, आणि दूध नासवतात म्हणून या माणसावर मनातून रागावले होते ते आठवत होते.

बहिणीचा फोन क्वचित लागायचा. लागला की सुदानकर उभे राहून बोलायचे. पण तिथेही तेच, तू बरी का, मुलं बरी का, शेजारीण बरी का. आणि खुशाली संपायच्या आत लाईन तुटायची. मी एकदा न राहवून म्हटलं, आधी कामाचं विचारावं, धान्य आहे का, पैसे पोचले का. ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "काकू, खुशालीच तर विचारायची असती," ते म्हणाले. "दुसरं काय हाय?"

मग फोन लागायचाच बंद झाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. बहिणीच्या भागात तोफा चालल्याचं कळलं, त्यापलीकडे काही नाही. सुदानकर चीज करतच राहिले. विकायला मात्र जाईनात. फ्रीज भरला, बरण्या भरल्या, आमचा फ्रीजही भरला. कुणासाठी करताय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. एका सकाळी पाटील दूध घालून बराच वेळ दारातच उभे राहिले. मी काय झालं विचारलं. "वहिनी, आज पावण्यानं गाईचं इचारलं न्हाई," ते म्हणाले. "नुसतं भांडं फुडं केलं." त्या दिवशी त्यांनी आणि ह्यांनी मिळून बरण्या खाली आणल्या. पाटलांनी दुधाच्या रतिबाबरोबर वेण्या घरोघर पोचवल्या. हे तर गादी भरून घ्यायला आलेल्या माणसाला आधी चीज खाऊ घालत आणि मग कापसाचा भाव सांगत. भिजवायचं मात्र दोघेही सांगायला विसरत.

एका दुपारी माडीवर पावलांचा मोठा धडधडाट झाला. मी जिन्याशी गेले तर सुदानकर वरच्या पायरीवर बसलेले, फोन कानाला, आणि डोळ्यांतून धारा. पलीकडून एक बाईमाणूस सारखं काहीतरी विचारत होतं, विचारत होतं. नंतर त्यांनी सांगितलं की बहीण जिवंत आहे, मुलं घेऊन उत्तरेकडच्या एका गावी शाळेच्या आवारात राहते आहे. मोठं पातेलं घरीच राहिलं, पण शाळेतल्यांनी दोन लहान दिली आहेत, चूल पुन्हा पेटली आहे. मला आनंद झाला, आणि त्यांना रडताना पाहून तो नक्की आनंदच आहे का, ते कळेना.

इथल्या राहण्याची मुदत संपत आली होती आणि ती वाढवून घ्यायला ते गेले नाहीत. सगळे तिकडून बाहेर पडत असताना तुम्ही आत कसे जाता, असं हे त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होते. सुदानकर म्हणाले, बहिणीचे हात दुखतात, ढवळायला माणूस पाहिजे. एवढं शिकलेला माणूस फक्त ढवळायला चालला, हे काही ह्यांच्या डोक्यात शिरलं नाही. स्टेशनवर पाटील धुतलेला सदरा घालून आले होते. ते आणि सुदानकर एकमेकांचे हात धरून उभे होते, आणि दोघांपैकी कोणीच काही विचारत नव्हतं.

परवा अनोळखी नंबरावरून फोन आला. घरघर फार होती. मधूनच सुदानकरांचा आवाज आला, "काकू, ऐका," आणि त्यांनी फोन कुठेतरी उंच धरला असावा. भांड्यांचा आवाज, पुष्कळ मुलांचा गलका, आणि एक बाई सगळ्यांच्या वर काहीतरी ओरडून सांगत होती. हे माझ्या खांद्याशी कान आणून उभे होते. काय म्हणतेय ती, असं त्यांनी विचारलं. मला एक शब्द कळला नव्हता. रांगेत या म्हणतेय, असं मी सांगितलं, आणि लाईन तुटेपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.