कापराची जास्तीची चिमूट

ये गं यमुने, या कागदाशी अशी जवळ सर, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. तुझ्या सासरहून, मांजरीहून, निरोप आला आणि मी कपाळाला हात लावून बसले. नणंदेच्या लग्नात मिरवायच्या चोळीवर पावसाळाभर काशिदा काढलास, शेजारणी उंबऱ्याशी थबकून पाहत असा मोर उतरवलास, आणि वऱ्हाड निघायच्या सकाळी बसून तो सगळा उसवून टाकलास! मोराची मान वाकडी होती म्हणे. मोराची काही तक्रार होती का? शहाणी ती!

झाले, रागावून संपले. आता ऐक. लिहिते आहे खरी, पण भावांच्या धूळपाटीकडे चोरून बघत शिकलेली ही अक्षरे. ती बोलल्यासारखीच चालायची.

कार्तिकातले ऊन आमच्या सोप्यात उतरे ते गंधात भिजूनच. भिंतींतली पावसाची ओल नुकती निघून गेलेली असे, वाड्यावरची पहाटेची नौबत थांबली की कात्रजचे पाणी आलेल्या हौदावर घागरींचा नाद सुरू होई, आणि इकडे वाळा, नागरमोथा, दवणा, चंदन यांचे लहानलहान ढीग त्या कोवळ्या, मधाच्या रंगाच्या उजेडात सुकत पडलेले असत. आमचे घर बुक्क्याचे. पेठेतल्या विठ्ठलाच्या देवळात कार्तिकी एकादशीला जो काळा सुगंधी बुक्का आधी देवाच्या चरणी आणि मग माणसांच्या कपाळी लागे, तो पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरून जाई. कोळशाची वस्त्रगाळ पूड, तीत ही सारी चूर्णे, आणि कापूर अगदी नावापुरता. कालवून झाले की मातीच्या डेऱ्यात भरायचे आणि झाकणीच्या कडेने कणीक लिंपून तोंड बंद करायचे. ताज्या बुक्क्यात प्रत्येक वास आपलेच घोडे पुढे दामटत असतो. बंद अंधारात मुरल्यावर मात्र कोण कुठला ते सांगता येत नाही, एकच एक गंध उरतो, जुन्या ओळखीसारखा.

मामंजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, नाक एका मोठ्या दुखण्यात गेले. नाक गेले म्हणजे वास गेला हो, तसे नाक जागेवरच होते आणि रागाने लालही होत असे. तेव्हापासून मिश्रण करायचे ते माझ्या धाकट्या नणंदेने, गोदूवन्संनी. त्यांचे यजमान पागेबरोबर उत्तरेच्या मोहिमेवर, म्हणून त्या माहेरी आमच्यात. दवण्याची काडी न मोडता, नुसती उन्हात धरून ती कोणत्या मळ्यातली हे सांगणारी ती बाई; कालवायला बसली की अंगणातली माणसे आपोआप हळू बोलत. डेऱ्याला कणीक लागेपर्यंत त्यांच्या हातून तिळभर चूक होत नसे.

चूक व्हायची ती नंतर. देवळातून माणूस डेरा न्यायला येणार त्या दिवशी सकाळी वन्सं लिंपलेली कणीक नखाने उकरत, झाकणी उचलून हुंगत, “काहीतरी कमी आहे” असे पुटपुटत आणि कापराची एक जास्तीची चिमूट आत सोडत. त्या चिमटीने सारे काम उधळून जाई. उत्सव उरकला की पुजारीबाबा रिकामा डेरा परत करायला स्वतः येत, आणि पुणेरी जिभेला धार लावूनच येत. “कापूर आम्ही देवाला वेगळा ओवाळतो हो. तुम्ही तो बुक्क्यातूनही पाठवायची तसदी घेऊ नये.”

सासूबाई म्हणत, दृष्ट लागते पोरीला. मामंजी म्हणत, हाताला घाई आहे. मी सून, मला कोण विचारतो. पण न विचारलेल्या माणसाला पाहायला सवड असते. मी पाहिले ते असे, की पुजारीबाबा कापरावर बोलत तेव्हा वन्संचा चेहरा उतरत नसे. उलट तो सैल होई. अंगावर येऊ घातलेले काहीतरी शेजारून निघून गेल्यावर होतो तसा.

मग एका वर्षी पुजारीबाबांचे बोलणे मामंजींना सोसले नाही. “पुढच्या कार्तिकीला हेच झालं, तर डेऱ्याचा मान चुलतघरी जाईल,” ते म्हणाले, “आणि मग गोदू, तू उखळाशी बसायचं. कांडायला नाक लागत नाही.” वन्संनी मान हलवली. ज्या कामात यजमानांची आठवणही त्यांना थोडी दूर बसवता येई, ते काम जाणार होते.

पुढच्या कार्तिकात डेरा लिंपून झाला. न्यायच्या दिवशी सकाळी मी सोप्यात तांदूळ निवडत होते. वन्सं आल्या, मुठीत कापूर. डेऱ्याशी बसल्या, कणकेवर नख टेकले.

“वहिनी, काहीतरी कमी आहे हो.”

“असेल. काय कमी आहे?”

त्या बोटांवर एकेक वास मोजू लागल्या. वाळा नाही, चंदन नाही. मग एकदम म्हणाल्या, “हा असाच गेला, आणि तरी पुजारीबाबांना आवडला नाही, तर मग मी काय सबब सांगू?”

मी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. इतकी वर्षे बोलणी कापराने खाल्ली होती. वन्संच्या नाकापर्यंत, त्यांच्या खऱ्या कसबापर्यंत, ती कुणी पोचूच दिली नव्हती, आणि पोचू न देणारी बाई माझ्यासमोर बसली होती.

शेवटी मी पितळी तबक पुढे सरकवले. “आत्ताच डेऱ्यात नको, यात ठेवा. माणूस येईपर्यंत वाटलंच, तर घाला.”

तबक उन्हात राहिले. वन्सं त्याच्याकडे बघत बसल्या. उठत, कणकेला हात लावत, पुन्हा बसत. ऊन सोप्यातून सरकत तुळशीपाशी गेले. आणि कापूर तो, कुणी हात न लावता झिजत होता. दिवस कलला तेव्हा तबकात पांढरी सावली तेवढी उरली. देवळाचा माणूस आला, डेरा उचलून गेला. घालायला काही शिल्लकच नव्हते.

एकादशीनंतर पुजारीबाबा आले. उंबऱ्यातूनच म्हणाले, “या खेपेला बुक्क्याला बुक्क्याचा वास होता.” डेरा खाली ठेवला. “वाळा मात्र हलका पडला.”

वन्संचा रंग गेला. मी हातातले काम थांबवले. खांब धरून त्या म्हणाल्या, “नदीकाठचा होता. पुढच्या खेपेला मळ्यातला घेते.” मामंजींनी रिकामा डेरा पायाने त्यांच्याकडे सारला आणि चैत्री एकादशीच्या बुक्क्याचे काय ते बघ, एवढे बोलून आत गेले.

पुढेही दर खेपेला त्या मुठीत कापूर घेऊन यायच्या हो. ते काही सुटले नाही. फक्त तबक मांडून ठेवायला शिकल्या. माणूस बदलतो म्हणतात तो एवढाच बदलतो की काय, मला अजून नीट ठाऊक नाही.

तुझ्या मोराची मान वाकडी असेलही, पोरी. ती बघून कुणी काय म्हटले असते, हे आता तुलाही कळायचे नाही. ऊन अजून कोवळे आहे आणि ते तबक माझ्याकडेच आहे, उसवायची सुई त्यात ठेवू. उसवलेली का होईना, चोळी घेऊन ये. मांजरीहून मंडईला गाड्या निघतातच, त्यांतल्या एकीत बस. लवकर ये.