सामना उजेडात घ्या

माझी पत्नी गेल्यावर कॉलेजने तिचं काम माझ्याकडे सोपवलं. ती खेळाची शिक्षिका होती, मी ग्रंथपाल. त्याआधी मैदानावर मी जायचो तो विसरलेला डबा तिला नेऊन द्यायला.

आमचं कॉलेज वारंगा फाट्यापासून थोडं आत आहे. आसपासच्या काही लहान कॉलेजांना जोडून तिने मुलींच्या खो-खोचा एक गट उभा केला होता. दर हिवाळ्यात ही कॉलेजं एकमेकांकडे जाऊन खेळायची. एखादं नवं कॉलेज गटात यायचं म्हणालं की ती एकच गोष्ट विचारायची, तिथून खेळून पोरी दिवसाउजेडी घरी पोचतील का? मैदान कसं आहे, संघ कसा आहे, हे नंतर. एवढ्या एका अटीवर शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांच्या, मजुरांच्या, शिक्षकांच्या घरांतून मुली खेळायला आल्या. "मॅडम संग हायेत ना, मग जाऊ द्या," असं म्हणणारे बाप मी पाहिले आहेत.

ती गेली आणि गटाची फेरमांडणी निघाली. हिंगोलीत बैठक झाली. सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून तिला श्रद्धांजली वाहिली. खाली बसलो आणि पुढच्याच विषयात तिची अट काढून टाकली. शहरांतली मोठी कॉलेजं आत घ्यायची, सामने एकाच ठिकाणी, मॅटवर, दिव्यांच्या प्रकाशात, संध्याकाळी. कुणाला घेतल्याने किती लोक बघायला येतील यावर दुपारभर चर्चा चालली. खेळणाऱ्यांचा विषय चहाच्या वेळीसुद्धा निघाला नाही.

मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी उठून म्हणालो, "आमच्या मुली रात्री परतू शकत नाहीत."

"तुम्हाला कोणी काढलंय का, सर?" समन्वयक हसून म्हणाले. ते माझ्याहून बरेच तरुण, तिच्याच हाताखाली पंच म्हणून तयार झालेले. "नाव आहेच तुमचं. उलट मॅडमच्या नावाने फिरता चषक ठेवतोय आपण."

टाळ्या वाजल्या. दार उघडं आहे म्हणायचं आणि पायरी तोडून टाकायची, असला हा प्रकार होता. मी एवढंच मागितलं की आमचा सामना सकाळी घ्या. "बघू, करू कायतरी," ते म्हणाले. त्या शब्दावर मी विश्वास ठेवला.

मग मुलींच्या घरी गेलो. कर्णधार मुलीचे वडील मेंढरं आत घेत होते. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "मॅडम असत्या तर इचारलंबी नसतं. तुमी भले मानूस हाव, पण गडीमानूस. दुपारच्या गाडीनं लेकरू परत आणता का?"

"आणतो," मी म्हणालो.

"मंग न्या."

स्पर्धेच्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही हिंगोलीला पोचलो. मॅट अंथरलेली होती. समोरचा शहरी संघ तिच्यावर पळून अंग मोकळं करत होता. आमच्या मुली गाडीतच केस आवळून तयार झाल्या होत्या. तासाभराचा खेळ, दोन्ही संघ हजर, पंच हजर, वर लख्ख ऊन. आणि मॅटच्या कडेला मंडप, मंडपात उद्घाटन.

टेबलावर हार घातलेला तिचा फोटो होता, शेजारी चषक. पाहुणे उशिरा आले. सत्कार झाले. मग भाषणं झाली, ग्रामीण मुलींच्या सक्षमीकरणावर, आणि त्या मुली मंडपाच्या मागे उभ्या होत्या, कारण खुर्च्या निमंत्रितांना होत्या.

दोन भाषणांच्या मध्ये मी समन्वयकांना गाठलं. "आत्ता घ्या ना सामना. आमची गाडी दुपारची आहे."

"आत्ता? पाहुणे बसलेत, सर. तुमचा सामना सातला लावलाय. पहिलाच आहे, मानाचा. लाइव्ह जाणार."

"पण तुम्ही शब्द दिला होता."

"मुक्कामाची सोय आहे की! राहा ना बिनधास्त. मॅडम असत्या तर राहिल्या असत्या."

मॅडम असत्या तर. ज्यांनी तिची एकमेव अट मोडली, त्यांनी तिच्याच नावाने मला मोठेपणा शिकवावा! दिवसाचा सगळा उजेड पाहुण्यांना वाटून टाकला होता. त्यांनी दुपारी जेवून गाडीत बसायचं, आणि मुलींच्या वाट्याला रात्र.

कर्णधार मुलगी माझ्यामागे येऊन उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. "चला सर," ती हळूच म्हणाली, "आमचे अण्णा फाट्यावर येऊन थांबतील."

मी मंचावर चढलो. सूत्रसंचालक थांबला, मीही दोन शब्द बोलणार असं त्याला वाटलं असावं, त्याने माइक पुढे केला. मी फोटोवरचा हार काढून चषकावर ठेवला आणि फोटो काखेत मारला.

"सर, हे काय करून राहिले?" समन्वयक धावत आले.

"घरी नेतो. ती कधी रात्रीच्या सामन्याला थांबली नाही."

माइक चालू होता, त्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं. आयुष्यात माइकवरून माझं तेवढंच एक वाक्य गेलं.

बसमध्ये मुलींनी फोटो मांडीवर घेतला, मग एकीकडून दुसरीकडे दिला. कळमनुरी मागे पडली. तेव्हा सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली, "सर, मॅडमचा फोटो आणला, मंग कप काहून न्हाई आणला?"

"अगं, खेळलो कुठं आपण?" कर्णधार तिच्यावर खेकसली.

"ते तरी कुठं खेळले? भाषणंच चालू होते की."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही. आम्ही सामन्याला न थांबल्यामुळे समोरच्या संघाला पुढे चाल दिल्याचा निरोप नंतर फोनवर आला. खाली हात जोडल्याची खूण होती.

फाट्यावर उतरलो तेव्हा कर्णधार मुलीचे वडील रस्त्यापलीकडे उभे होते. मुलीला सुखरूप पाहून त्यांनी मान हलवली, आणि विचारलं, "जिंकले का?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. दुपार अजून पुरती कललीही नव्हती. आणखी एक अख्खा सामना झाला असता एवढा दिवस शिल्लक होता.