साडेसव्वीस अंश

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा थोरलीला काहीच वाटलं नव्हतं. ती थोरलीच्याच शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवायला आली, तेव्हा मात्र थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. इतकी वर्षं धातूंचा विशिष्ट उष्मा काढायला शिकवावं तर थोरलीनंच. दोऱ्याला बांधलेला तांब्याचा ठोकळा उकळत्या पाण्यातून उचलायचा, झटकायचा आणि निवायच्या आत कॅलरीमापीतल्या गार पाण्यात सोडायचा, हे काय येरागबाळ्याचं काम आहे? आणि आता मुली म्हणत, "धाकट्या बाई किती छान समजावतात!" घरी सासूबाईंचंही तेच पालुपद. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात प्रयोगशाळेचं प्रमुखपद रिकामं झालं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दोघी माझ्यासमोर प्रयोग करा. जिचं उत्तर बरोबर, ती प्रमुख."

दोघी एकाच टेबलाशी उभ्या राहिल्या. थोरलीचं लक्ष स्वतःच्या भांड्यावर कुठलं! हिनं नळाचं सोडून पिंपातलं पाणी का घेतलं? ढवळणी ठेवली का? हिच्या थर्मामीटरचा पारा कुठे आहे? साडेसव्वीसवर. आता चुकेल, मग चुकेल, पण बया काही चुकेना. तेवढ्यात ठोकळे तापले. दोघींनी ते उचलून आपापल्या कॅलरीमापीत सोडले, ढवळलं. पारा चढला आणि थांबला.

थोरली आकडेमोडीला बसली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. ठोकळा सोडण्याआधी आपलं पाणी किती अंशांवर होतं, ते तिनं पाहिलंच नव्हतं! पाणी कितीनं तापलं हेच माहीत नाही, तर उत्तर काय कपाळ काढणार?

"काय हो, अडलं का काही?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

उत्तर धाकटीनंच दिलं, "ताई, तुमचं अठ्ठावीस होतं. तुमचा हात कसा चालतो, तेच बघत होते मी." मग कसंनुसं हसली. "त्या नादात माझंच बघायचं राहिलं हो. तुम्ही पाहिलंत का?"

साडेसव्वीस. अगदी जिभेच्या टोकावर होतं. पुन्हा पाणी उकळेपर्यंत थांबायला मुख्याध्यापिकांना सवड नव्हती. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

"नाही बाई," थोरली म्हणाली. "मी कशाला तुझ्याकडे बघू?"

थोरलीचं उत्तर बरोबर आलं. चुकलं असतं तर धाकटीनं मुद्दाम खोटा आकडा सांगितला, असं म्हणायची सोय तरी झाली असती.

रात्रीच्या जेवणाला धाकटीनंच सगळ्यांना सांगितलं, "ताईंचं काम म्हणजे काम. इकडेतिकडे बघणं नाही. माझंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. प्रमुखपद त्यांना मिळालं तेच बरं झालं."

"शीक जरा तिच्याकडून," सासूबाई म्हणाल्या.

हेच ऐकायला थोरलीचे कान आसुसले होते. पण ती ताटातला भात नुसता चिवडत बसली. समोर धाकटी मजेत जेवत होती, आणि थोरलीला पुन्हा तिचाच हेवा वाटत होता.