प्लिमथचं कार्ड

समुद्र बघायला मी आपण होऊन कधीच गेले नसते. बहात्तरच्या ऑगस्टात, इंग्लंडात नर्सिंग शिकत असताना, सोबतच्या मल्याळी मुलीनं मला ओढून प्लिमथला नेलं. शहर देखणं आहे, हे मी आजही नाकबूल करणार नाही. हिरव्यागार उतारावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ, खाली खडक आणि नजर जाईल तिथवर पाणी. मैत्रीण समुद्राकाठीच वाढलेली, तिला त्याचं कौतुक नव्हतं. ती तळलेले मासे खात बसली आणि मी खुळ्यासारखी बघत राहिले.

त्यातही मला नवल वाटलं ते हौदाचं. समुद्राला अगदी लागून लोकांनी पोहायला मोठा अर्धगोल हौद बांधला होता, मध्ये कारंजं. समुद्र उशाला असताना यांना आणखी हौद कशाला, म्हणून मी हसले. त्याच हौदाचं चित्र असलेलं कार्ड घेतलं, खडकावर पाय पाण्यात सोडून बसले आणि आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लिहिलं.

आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडं, कमी पावसाच्या मुलखात. परक्यांचं हगणं-मुतणं काढायला पोरगी धाडली, असं भावकीनं आण्णांना तोंडावर ऐकवलं होतं. घरात माझ्या बाजूनं ते एकटे उभे राहिले. म्हणून कार्ड त्यांच्या नावानं. समुद्र लिहिला, हौद लिहिला, कारंजं लिहिलं, आणि शेवटी लाडात येऊन लिहिलं, ‘सकाळपासून पाण्यात पाय सोडून बसले आहे. आता पाण्याचा कंटाळा आला.’

घरून दादाची, थोरल्या भावाची, पत्रं यायची. ‘इकडे सर्व खुशाल. पाऊस थोडा लांबला आहे. काळजी नसावी.’ मी काळजी केली नाही. पत्रं मात्र एकूण एक जपून ट्रंकेत ठेवली. त्या कार्डानंतर दादाच्या पत्रातून ‘आण्णांचा आशीर्वाद’ ही शेवटची ओळ गेली. मला वाटलं, जागा पुरली नसेल. माणूस स्वतःला किती फसवू शकतो, याला काही मर्यादा नाही.

शिक्षण संपवून चौऱ्याहत्तरच्या सुरुवातीला परत आले. गोठ्यात दावण रिकामी होती. आण्णा ओट्यावर बसले होते. त्यांच्या तळहातांवर बैल हाकणाऱ्याचे नव्हेत, असे घट्टे होते. “आलीस?” म्हणाले आणि उठून शेताकडं गेले.

आई ज्वारी निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं.

“दुस्काळी कामावर खडी फोडाया जात हुतं तुजं आण्णा. आमी समदेच. पोस्टमन कामावरच पत्रं वाटायचा, घरी कोन हुतं? कार्ड आलं तर ह्ये मुकादमाला म्हनले, ‘मोठ्यानं वाचा, लेकीचं हाय.’ त्यानं वाचलं. मग एक जन म्हनला, ‘आण्णा, लेकीला कंटाळा आला आसंल तर पानी हिकडं धाड म्हनावं.’ लई हसले लोक.”

“मग?”

“मग काय. सांच्याला घरी आले न् दारात हुभं ऱ्हाऊन कार्ड फाडाया लागले.”

आमच्याकडं मयताचं कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. वाचलं की बाहेरच फाडून टाकतात, आणि मग अंघोळ.

“मला वाटलं, तूच गेलीस,” आई म्हणाली. “म्या हंबरडा फोडला. बाया गोळा झाल्या. आंगुळ करावी तर घरात कळशीभर पानी, टँकर दोन दिस आला न्हवता. तवा ह्ये म्हनले, ‘आंगुळ नगं. जित्ती हाय ती.’”

मी दादावर तुटून पडले. का नाही कळवलं? बैल गेले, माणसं खडी फोडतायत, आणि खुशाल काय लिहितोस? तो शांतपणे म्हणाला, “कळवून तू काय करनार हुतीस? तितं बसून रडली आसतीस.” रडले असते. तेवढा हक्कसुद्धा त्यांनी मला ठेवला नाही. पाहुण्यासारखं गोड बोलून बाहेर ठेवलं, आणि पाहुण्यासारखं मी बोलले तेव्हा मला मेलेल्यांत काढलं.

जेवताना धीर करून आण्णांना विचारलं, “कार्ड का फाडलंत?”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “लिवलंस ते खोटं आसतं तर ठिवलं आसतं,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक उघडली. दादाची सगळी पत्रं घेतली, उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि एकेक करून फाडली. आई आतून धावत आली. “अगं, कोन गेलं?”

त्या साली विहिरीला पाणी होतं. दोन घागरी शेंदल्या आणि डोक्यावरून अंघोळ केली.