काशीताईला बसवून ठेवण्याचा आठवडा

"मॅडम, तुम्ही त्यांच्याकडून नेमकं काय करून घेतलंत?"

पुण्याच्या डॉक्टरांचा आवाज शांत होता, म्हणूनच मला जास्त धाक वाटला. मी परभणीतल्या आमच्या जिमच्या जिन्यात उभी राहून फोन घेतला होता. आत लेडीज बॅच चालू होती आणि ज्यांच्याबद्दल डॉक्टर विचारत होते त्या काशीताई आतच, ट्रेडमिलवर होत्या.

त्यांचं एसजीपीटी वाढलं होतं. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींत असणारं एक द्रव्य. लिव्हरला इजा झाली की ते रक्तात उतरतं. डॉक्टर म्हणाले, "लिव्हरवरची चरबी छान उतरली आहे. पण रक्ताचा रिपोर्ट असा असताना मी त्यांच्या पोटाला सुरी लावणार नाही."

म्हणजे माधव गेला. माझ्या मनात पहिलं हेच आलं.

माधव हा काशीताईंचा धाकटा भाऊ. मानवतला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. दारूचा थेंब न शिवता लिव्हर निकामी झालं, कावीळ उलटल्याचं निमित्त झालं. त्याला कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा देणं हाच उपाय होता. बायकोचा रक्तगट जुळला नाही. आईवडील नाहीत. जुळली ती एकटी बहीण. पण तपासणीत तिच्या लिव्हरवर चरबी निघाली. चरबी असलेलं लिव्हर घेता येत नाही, ते घेणाऱ्यालाही धोक्याचं आणि देणाऱ्यालाही. डॉक्टरांनी दोन महिन्यांची मुदत दिली, आहार लिहून दिला आणि व्यायामासाठी माझ्याकडे पाठवलं.

आमच्या सरांना, म्हणजे जिमच्या मालकांना, हे अजिबात पसंत नव्हतं. "वजन कमी करायला आलेली बाई वेगळी आणि ही वेगळी. काही झालं तर खाली बोर्ड माझ्या नावाचा आहे," असं ते म्हणाले. जबाबदारी माझी, असं मी ताडकन बोलून बसले. माझा स्वभावच तसा आहे. शाळेपासून खो-खो खेळले, उठायचं म्हटलं की उठायचं.

काशीताई पोखर्णीहून नवऱ्याच्या मोटारसायकलवर यायच्या. नवऱ्याची ना नव्हती, पण तोंडभरून होही नव्हता. तो खाली गाडीवरच बसून राहायचा. पहिल्या दिवशी काशीताईंनी मला झापलंच. "मी दिसभर शेरडामागं फिरती म्याडम. मला कुठली आली चरबी?" शेरडं चरायला थांबली की त्याही थांबतात आणि थांबल्या की गोड चहा होतो, हे मी हळूच काढून घेतलं. पट्टा सुरू झाला तसा त्यांनी दोन्ही हातांनी दांडा आवळला. "अवो, जमीनच पळायली की!"

हृदयाची तपासणी पुण्यात झालेली होती, म्हणून मी इंटरव्हल सुरू केलं. थोडा वेळ दम लागेल इतकं जोरात, मग तेवढाच वेळ सावकाश, पुन्हा जोरात. एकाच चालीनं तासभर चाललं की शरीराला सवय होते. इंटरव्हलमध्ये सवय व्हायला फुरसतच मिळत नाही. आधी भरभर चालणं, मग दुडकी चाल, महिन्याभरानं चक्क पळणं. काशीताईंना ते आवडायला लागलं. लेडीज बॅचच्या बायका आरशासमोर फोटो काढत असायच्या आणि ही बाई पदर खोचून घामानं निथळत असायची.

आणि आता हा रिपोर्ट.

डॉक्टरांनी फोनवर मला एकच गोष्ट शोधायला सांगितली. रक्त देण्याच्या आदल्या दिवशी व्यायाम झाला होता का? मी ठामपणे नाही म्हणाले. मी त्या दिवशी सुट्टी दिली होती. संध्याकाळच्या गाडीनं नवराबायको पुण्याला जाणार होते. "तरीपण विचारा," ते म्हणाले.

मी आत गेले आणि लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. काशीताई घाम पुसत माझ्याकडे बघायला लागल्या.

"पुण्याला जायच्या दिवशी तुम्ही काय केलं होतं?"

आधी काही नाही म्हणाल्या. मग नजर खाली गेली. मी सुट्टी दिली, पण त्यांना काही ती पटली नव्हती. पोखर्णीच्या रस्त्याला विजेचे खांब आहेत. एक खांब जोरात, एक खांब सावकाश, अशा त्या भर दुपारी पाय उचलेनासे होईपर्यंत पळाल्या होत्या. गाडीत चढताना नवऱ्याला हात द्यावा लागला होता.

"पाव्हणे यायच्या आधी आपण घर झाडतो का न्हाई?" त्या म्हणाल्या. "म्हणलं, ऱ्हायलेली चरबी जाऊ द्यावी."

मला राग आला आणि त्याच वेळी जीवही भांड्यात पडला. कारण एसजीपीटी थोडंफार स्नायूंतही असतं. सवयीपेक्षा फार जोराचा व्यायाम झाला की स्नायू दुखावतात आणि ते द्रव्य तिकडूनही रक्तात येतं. मी लगेच डॉक्टरांना कळवलं. तसं असू शकतं, ते म्हणाले, पण असू शकतं यावर ऑपरेशन होत नसतं. एक आठवडा पूर्ण आराम, मग पुन्हा रक्त, सोबत फक्त स्नायूंची इजा दाखवणारी एक वेगळी तपासणी. "उतरलं तर पुढे जाऊ. नाही उतरलं तर दुसरा डोनर बघावा लागेल." दुसरा डोनर नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आराम सांगायला सोपा. ही बाई गावात बसणार नाही, याची मला खात्री होती. म्हणून मी तिला रोज जिममध्येच बोलावलं. भिंतीशी खुर्ची टाकली आणि समोर बसवलं. सर म्हणाले, हिला पळायला येऊ देऊ नको. मी म्हणाले, "सर, ती न पळायला येते."

तो आठवडा मला फार जड गेला. रात्री झोप लागायची नाही. खांबांचं निमित्त असेल आणि खरी इजा माझ्याच इंटरव्हलनं केली असेल तर? एवढ्यात माधवला आयसीयूत हलवल्याचा फोन आला. त्या दिवशी मी ऑफिसात जाऊन आले तर खुर्ची रिकामी. काशीताई बूट घालून पट्ट्यावर उभ्या होत्या, बोट हिरव्या बटणावर.

"खाली उतरा," मी म्हणाले.

"मी अशी बसून ऱ्हायले अन् तो गेला तर?"

"तुम्ही पळालात तर मी पुण्याला फोन करून सांगणार. मग कोणी तुम्हाला टेबलवर घेणार नाही."

माझा आवाज चढला होता. बॅचमधल्या बायका थांबून बघत होत्या. काशीताई बटणावरचं बोट काढेनात. मग पट्ट्यावरच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "लय अवघड हाय म्याडम. हातपाय हालवल्याबिगर मला पटतच न्हाई की मी त्याच्यासाठी काय करायले."

मी त्यांच्या शेजारी बसले. तुमचं बसणं हेच आता त्याचं औषध आहे, एवढंच मला सुचलं आणि मी ते बोलून टाकलं. उरलेले दिवस त्या खुर्चीवर बसल्या. हात मांडीखाली दाबून बसायच्या.

पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी कोणाला तरी स्क्वॅट शिकवत होते. एसजीपीटी नॉर्मल. स्नायूंची तपासणीही नॉर्मल आली होती. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. काशीताई सुखरूप घरी परतल्या.

बऱ्याच महिन्यांनी एक हडकुळा माणूस जिमच्या दारात येऊन उभा राहिला. तोंडाला मास्क होता. "माझी ताई कोणत्या मशीनवर पळायची?" त्यानं विचारलं. मी दाखवलं. त्यानं चपला काढल्या, वाकून पट्ट्याला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला. सर काउंटरवर होते. ते उठून उभे राहिले.

आता आमच्याकडे एक नियम आहे. कोणाला रक्त तपासायचं असेल तर आधीचे तीन दिवस इंटरव्हल बंद. बायका कुरकुर करतात, रिपोर्ट चांगला यावा म्हणून उलट जास्त पळायला हवं म्हणतात. माणसाला पळवायला मला फारसं काही लागत नाही, वेग वाढवला की झालं. थांबवायला मात्र शेजारी बसावं लागतं.