हात नको, पदर पसर

"हात नको गं, पदर पसर. हातात देल्यावर विकल्यासारखं दिसतंय."

मालक हे म्हणाले तेव्हा मी सेनगावात त्यांच्या साडीच्या दुकानाच्या खालच्या पायरीवर उकिडवी बसले होते. ते वरच्या पायरीवर उभे. हातात साडी. रस्त्यावर त्यांचा पुतण्या मोबाइल धरून. तो पुण्याहून मार्केटिंग शिकून आला होता आणि शिकलेलं कुठं वापरावं या विवंचनेत होता.

मी भिकारीण नव्हते. त्याच दुकानात साड्या दाखवायचं काम करत होते. बी.ए. झालेली. पण समोरच्या दुकानानं एका म्हातारीला साडी दान करतानाची रील टाकली होती, आणि अख्खा तालुका ती बघत होता. गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडं वळू लागलं. मालकांना घास गिळवेना. मग त्यांनाही गरीब बाई पाहिजे झाली, आणि लगेच पाहिजे झाली.

दुकानात विकणाऱ्या आम्ही तिघी. मालकांची नजर दोघींवरून घसरली. माझ्यावर थांबली.

"हिला मेकअपची गरजच न्हाई," पुतण्या म्हणाला. "नॅचरल हाय."

मी कुठल्या वस्तीतून येते हे दुकानात कुणी कधी विचारलं नव्हतं. माझा पाण्याचा गिलास वेगळा आहे, हेही कुणी सांगितलं नव्हतं. तो फक्त वेगळा ठेवलेला असायचा.

झाडूवालीचं जुनं लुगडं मला दिलं. मी नेसले. घरात माय आणि मी. मायचे गुडघे निंदण-खुरपणात गेलेत. नोकरी पाहिजे होती. एवढंच उत्तर आहे.

पदर पसरला. साडी वरून पडली. थप्प. मालकांचे हात माझ्या पदरापासून वीतभर वर थांबले. माझ्या आजीला भाकर अशीच वरून टाकायचे. मोबाइल नवा होता. अंतर जुनंच.

"परत," पुतण्या म्हणाला. "रडू आलं पाह्यजे."

परत. थप्प.

"वर बघ. काकांच्या तोंडाकडं. देवाकडं बघतेत तसं."

परत.

शेवटी मला खरंच रडू आलं. पुतण्या खूश झाला.

नंतर साडी माझ्याकडून काढून घेतली, झटकली, घडी घालून रॅकवर ठेवली. दुपारी मीच ती एका गिऱ्हाइकाला विकली. रंग जात नाही, असं मी त्यांना सांगितलं.

रील जोरात चालली. खाली लोकांनी लिहिलं, देवमाणूस. पुसेगावला माझ्या गावात एसटीतून उतरले की पोरं मोबाइल पुढं धरायची. शाळेतली एक मैत्रीण जुने कपडे घेऊन घरी आली. दयाळू होती बिचारी. मी ते ठेवून घेतले नाहीत, तर तिला राग आला.

मायनं रील बघितली. "तू कव्हा मागितलंस कुणाला काही?"

"ते खरं नसतंय माय. नाटक असतंय."

"नाटकच हाय, तर मालकानं काहून न्हाई पसरलं काही?"



समोरचं दुकान गप्प बसणारं नव्हतं. त्यांनी मंडप टाकला, बायकांची रांग बसवली, वरून ड्रोन उडवला. पसरलेले पदर आभाळातून कसे दिसतात, ते तालुक्यानं पहिल्यांदा बघितलं. "शेतात फुलं उमलल्यासारखं," पुतण्या म्हणाला. हेव्यानं म्हणाला.

त्याच दिवशी मालकांनी मला गल्ल्याजवळ बोलावलं. बसायला सांगितलं. आजवर कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

"तुमच्या वस्तीतल्या बाया पाह्यजेत. जीप पाठवतो. तुझी माय सगळ्यात पुढं. गुडघे गेलेत ना तिचे? रांगत येईल पायरीपर्यंत. मंग मी तिला उचलून..." ते थांबले. "उचलायचं बघू. पुतण्या हात देईल."

ते हसत नव्हते, चिडत नव्हते. सुरतेहून माल मागवताना बोलतात तसं बोलत होते. मला भीती त्याची वाटली. आज रांगणारी. मग समोरचा लोळणारी आणेल. मग हे काय आणतील? बघणाऱ्यांना दर वेळी आधीपेक्षा गरीब बाई लागणार. मिळाली नाही तर ही दोन्ही दुकानं मिळून ती तयार करतील.

"माय येणार न्हाई," मी म्हणाले. "वस्तीबी येणार न्हाई. अन् माझी रील काढून टाका."

"फुकट साडी भेटून राहिली त्यायला. तुला काय तकलीफ हाय?"

"भेटत न्हाई मालक. तुमी ती परत घेता. मीच विकली."

"ह्या टायमाला ठेवू देऊ की त्यांना," पुतण्या म्हणाला. उदार मुलगा.

मालक शांतपणे म्हणाले, "पोरी, रील निघत नसती. तू गेलीस तरी हितंच राह्यशील. पायरीवर."

मी गेले. ते बोलले ते खरं निघालं. रील अजून आहे.

जीप वस्तीवर आलीच. स्पीकर लावून. दोघी म्हाताऱ्या आधीच चढून बसल्या होत्या. मी जीपपुढं उभी राहिले आणि तिथं काय होतं ते मोठ्यानं सांगितलं. पदर कसा धरायला लावतात. साडी वरून कशी टाकतात. रडू येईपर्यंत परत, परत.

एक उतरली. दुसरी म्हणाली, "तुझं पोट भरलंय, पोरी. मला जाऊ दे." तिच्या अंगावरचं लुगडं विरलेलं होतं. मी बाजूला झाले. जीप तिला घेऊन गेली.

आता ती जीप शिरड शहापूरकडं फिरणार आहे, असं कानावर आलंय. समोरच्या दुकानाचीही एक निघालीय.

सकाळच्या एसटीनं मी तिकडं निघते आहे. तिथल्या बायकांनी माझं तोंड मोबाइलवर बघितलेलं असणार. ओळख सांगायला नको. पायरीवर बसलेली ती मुकी बाई त्यांच्यापुढं उभी राहील आणि बोलेल. ऐकूनही कुणाला जीपमध्ये बसायचं असेल, तर ती बसेल. पण माहीत नव्हतं म्हणून एकही बसणार नाही.